सहलीला निघण्याआधी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बरेच जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वय वाढलं की तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडलं की चक्कर, बद्धकोष्ठता, कधी लघवीची जळजळ. म्हणून गाडी दर दीड तासाने थांबेल, कुणी सांगो वा न सांगो. पाणी एकदम न पिता दर अर्ध्या तासाने चार-पाच घोट घ्या. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर टाळू नका; वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

गाडी थांबली की लगेच उठू नका. बसल्या जागी पावलं दहा-बारा वेळा वर-खाली करा, उभं राहिल्यावर सीटचा दांडा धरून क्षणभर थांबा. पडायला होतं ते बहुधा याच घाईत.

औषधं हातातल्या पिशवीत, डिकीत नाही. मधुमेहींनी साखर खिशात ठेवावी. रक्तातली साखर घसरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

कानाला यंत्र असणाऱ्यांना भिंतीकडे पाठ येईल अशी जागा द्या, जादा बॅटरी त्यांनी आणावी. चौघांहून मोठा घोळका झाला की त्यांना काही कळत नाही, मग ते नुसते हसून मान डोलावतात.

एकट्या राहणाऱ्या सभासदांना गटावर निरोप पुरत नाही, फोनच करावा.