बंड्या, पट्टे तूच घेऊन ये

भांडुप, मुंबई
१२ ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

घरचं सगळं ठीक. बाबांचा गुडघा तसाच, माझी शुगर गोळीवर आटोक्यात. झालं, तब्येतीचं संपलं.

मामाच्या गाळ्यात बांधलेली आपली मातीतल्या शर्यतीची गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. मारुती ८००चं ते ७९६ सीसीचं इंजिन सुरू झालं, तेव्हा शेजारच्या गाळ्यातली पोरंसुद्धा धावत आली. पण इंजिनासाठी तुला एवढं लिहिलं नसतं. मी सीटच्या पट्ट्यांसाठी लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, "अरे, बेल्टच ना? लाव की."

विक्याला कॅनडाचा व्हिसा मिळाला. शेलारमामा पेढे वाटत फिरतोय आणि आमचा ड्रायव्हर गेला. आता गाडी चालवणार पल्लवी. हो, नंदूची पल्लवी, जिला तू पाळण्यात स्पॅनर दिला होतास. पोरगी झकास चालवते, माझ्यापेक्षा शांत डोक्याने. नंदूला मस्कतला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "तू बघतोयस ना, मग मला काय विचारतोस?" आणि त्याच रात्री वहिनींचा फोन. "भावोजी, गाडी उलटली तर?" बंड्या, तेव्हापासून झोप लागत नाही. नंदूचा विश्वास आणि वहिनींचा प्रश्न, दोन्ही त्या सीटवर येऊन बसलेत.

ती पहिल्यांदा सीटवर बसली तेव्हा काय झालं ते सांगतो. विक्या नारळाच्या झाडासारखा उंच, सगळी मापं त्याची. पल्लवीचे पाय पेडलला पोचेनात, म्हणून सीट पुढे सरकवली. सीट पुढे आली, पण पट्ट्यांचे ब्रॅकेट चेसिसला वेल्ड केलेले, ते जागच्या जागी. कमरेचा पट्टा आता मागून जवळजवळ आडवा येतो आणि सरकून थेट पोटावर चढतो. एफआयएच्या, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की पट्टा कमरेचं हाड आणि मांडी यांच्या खाचेत घट्ट बसला पाहिजे, पोटावर कधीच नाही. पोटावरच्या पट्ट्याने धडक झेलली तर आतडी, यकृत, सगळं त्याखाली चिरडतं. खांद्याचंही तेच. हे पट्टे ज्याला बांधलेत तो मागचा आडवा बार तिच्या खांद्यांच्या वर येतो, म्हणजे पट्टे वर ओढले जातात आणि अंग पुढे फेकलं गेलं की ती त्यांतून निसटणार.

शर्यतीआधी गाडीची तपासणी होते, स्क्रुटिनी. त्यावर मामाचं उत्तर तयार. "पाठीमागे उशी ठेव. स्क्रुटिनीत लेबल बघतील, साल बघतील, दोनदा ओढून बघतील, पास! कोन कोण मोजतंय?" आता उशी! धडकेत उशी दबते, दबली की तेवढेच पट्टे सैल होतात. मामा माणूस सोन्यासारखा, त्याच्या गाळ्याशिवाय ही गाडी झालीच नसती. पण आपल्याकडे पट्टा म्हणजे पावती चुकवायची वस्तू. २०२२च्या नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरही सक्ती केली, तरी निम्म्या टॅक्सींत मागचं बकल सीटच्या फटीतून उकरून काढावं लागतं. मामा त्याच शहराचा माणूस आहे. मला मात्र पास व्हायचं नाहीये, मला तिला घरी परत पाठवायचंय. स्क्रुटिनी त्यातच होऊन जाईल.

म्हणून सगळे ब्रॅकेट कापले. कमरेचे पुढे आणले, खाली ३ मिलिमीटरची, ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट टाकली, बोल्ट एम-१२, ८.८ ग्रेडचे, नागदेवीहून आणलेले. बार खाली घेतला, ४० बाय २ मिलिमीटरचा, सीमलेस म्हणजे बिनजोडाचा पाइप. एका दुकानदाराने सीमलेस सांगून वेल्डवाला पाइप गळ्यात मारायचा प्रयत्न केला. आतून बोट फिरवलं, शिवण लागली, तिथेच ठेवला. आता खांद्यापासून पट्टे मागे किंचित खाली जातात. नियमाने ४५ अंशांपर्यंत चालतं, पण शक्यतो १०च्या आत ठेवा म्हणतात, कारण फार खाली ओढलेला पट्टा धडकेत मणकाच दाबतो.

पट्टे मात्र राहिलेत. मामाने मारुतीचेच जुने काढून दिले होते, ते परत केले. उघड्या सांगाड्यात गाडी लोळली तर तीन टोकांचा रिळावरचा पट्टा माणसाला सीटला बांधून ठेवत नाही. सीएसटी रोडवर चार टोकांचे मिळतात, चार-पाच हजारांत, हिरवेगार, मोठ्या ब्रँडचं नाव छापलेले. लेबलवर ना साल ना होलोग्राम. आणि चारमध्ये जांघेतले पट्टे नाहीत. खांद्याचे आवळले की तेच कमरेचा पट्टा पोटावर उचलतात आणि ड्रायव्हर खालून घसरतो. ज्या रोगासाठी सगळं कापलं, तोच विकत घ्यायचा? एका मित्राकडे एसएफआय या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणाचे चांगले पडून आहेत, पण ते बनवल्याच्या तारखेपासून २ वर्षांत बाद होतात. शिवाय गॅलरीत उन्हात टांगलेले. उन्हाने धागा मरतो, वरून कळतसुद्धा नाही.

तुला तो अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट आठवतो? २००१, डेटोनाच्या शर्यतीत धडकून गेला. तुझ्या खोलीत पोस्टर होतं. त्याचा कमरेचा डावा पट्टा तुटलेला सापडला होता. चौकशीत निघालं की पट्टा अ‍ॅडजस्टरच्या खाचेत एका बाजूला गोळा झाला आणि तिथून फाटला. पट्टा चांगला, बसवणं तिरकं. काल रात्री मी दोरी बांधून प्रत्येक ब्रॅकेटची ओढ पाहिली, एक वाकडा निघाला. तो पुन्हा कापतोय. मामा माझ्याशी बोलत नाहीये, चहा मात्र पाठवतो.

आणि हो, बकल! पीथमपूरच्या बाहाला, कॉलेजच्या पोरांच्या त्या बग्गी स्पर्धेला, तू फिरवायचं म्हणत होतास, मी खटक्याच्या लिव्हरचं. परतताना अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बोरिवलीपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही आणि नंदूने मध्ये बसून दोघांचे डबे संपवले. एफआयएला फिरवायचंच बकल लागतं, तेव्हा खूश हो. पण मातीत ते अडकतं, हे मी आजही म्हणतो. दर राउंडनंतर हवा मारून साफ करायला पल्लवीला शिकवणार आहे.

तुमच्याकडे ब्रिटनमध्ये बरं आहे रे. घरी बांधलेल्या एकेका गाडीची आयव्हीए नावाची सरकारी तपासणी होते, पास झाली की नंबरप्लेट लावून रस्त्यावर. आमची टेम्पोतून जाणार, टेम्पोतून येणार.

नवं घर लागलं का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे ताईकडून कळलं. सईला मराठी वाचता येतं म्हणे, शाब्बास! बाकी भेटल्यावर.

आता काम. नोव्हेंबरात येतोयस ना, तर तिथूनच आण. सहा टोकांचा, एफआयए ८८५३-२०१६. पल्लवी हान्स, म्हणजे मान सांभाळणारं ते खांद्यावरचं जोखड घालणार आहे, तेव्हा खांद्यावर ३ इंचांवरून २ इंच होणारा घे. लेबलवर 'या सालानंतर चालणार नाही' असं छापलेलं असतं, ते साल जितकं लांबचं तितकं बरं, दुकानात जुना माल गळ्यात घेऊ नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमरेचा पट्टा पूर्ण आवळून सर्वांत लहान माप किती होतं ते टेप लावून बघ. तिची कंबर बारीक. अ‍ॅडजस्टर आधीच बकलला टेकला तर पट्टा सैलच राहील आणि माझं सगळं कापकाम फुकट. तिची मापं पाठीमागच्या कागदावर आहेत, वहिनींनी स्वतः घेतलीत. बिल जपून ठेव, कस्टमला लागेल. पैसे मुकाट्याने घ्यायचे.

रंग निळा मिळाला तर बघ, तिने सांगितलंय. नाही मिळाला तर कुठलाही चालेल.

तुझा,
सुध्या