भाऊ, देव बरें करूं

भाऊ, सप्रेम नमस्कार.

हे पत्र वाचून तुम्ही चष्मा पुसत ‘चार ओळी वाचून दाखवल्या, त्याचं एवढं काय’ म्हणणार, हे ठाऊक आहे. तरी चारचौघांत लिहितोय. गेल्या मंगळवारी आमच्याकडे अर्जासाठी आलेल्या मावशींच्या हातात त्यांच्या जुन्या पोर्तुगीज जन्मनोंदीचा तेओर, म्हणजे पूर्ण नक्कल पडली, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. कागदाची घडी घालायची, पुन्हा उलगडायची, एवढंच चाललं होतं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, ते त्यांचं त्यांच्याजवळ. फुलाचं नाव आहे आणि ‘श’ने सुरू होतं, इतकं पुरे. आधारवर ते ‘झ’ने सुरू होत होतं.

तुमच्याकडे येण्याआधी त्या तीन खिडक्या हिंडल्या होत्या. एकीकडे सांगितलं, आधारवर आहे तेच धरा, सोपं पडेल. दुसरीकडे म्हणाले, दाखल्यावर आहे तसंच सगळीकडे करून घ्या. कागद जुळले पाहिजेत यावर दोघांचंही एकमत. कशाशी जुळले पाहिजेत हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या ठिकाणचा प्रताप तर वर्णावा तेवढा थोडा. मूळ नोंदीत बापाच्या रकान्यात ‘पाय इंकोग्नितो’ लिहिलेलं, म्हणजे बाप अज्ञात. टंकणाऱ्याला ‘पाय’मध्ये आपलं पै आडनाव दिसलं आणि दाखला छापून आला : वडिलांचं नाव इंकोग्नितो, आडनाव पै. हसू येतं खरं, पण तो कागद घेऊन बँकेत उभं राहणाऱ्या बाईला नाही येत.

तुम्ही आधी नक्कल हातात घेतलीच नाहीत. विचारलंत, ‘घरांत तुमकां कितें म्हणून उलो मारतात?’ म्हणजे घरी काय म्हणून हाक मारतात. त्यांनी सांगितलं. तुम्ही दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने, मोठ्या देवनागरी अक्षरांत ते लिहिलंत आणि चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवलीत, बरोबर आहे का बघा म्हणून. मग फूटपट्टी ओळीखाली धरून वाचायला लागलात. बापाच्या रकान्याशी आलात तेव्हा खोलीत आणखी पाच माणसं होती. तुम्ही पट्टी एक ओळ खाली सरकवलीत आणि म्हणालात, ‘आईचं नाव अगदी स्पष्ट आहे.’ वगळलेल्या ओळीवर नुसतं बोट ठेवलंत, त्यांना दिसेल असं. एवढंच. तीन खिडक्यांवर जे मिळालं नव्हतं ते यात मिळालं.

ती चिठ्ठी म्हणजे नुसता सज्जनपणा, असं कुणाला वाटू नये म्हणून जरा खोलात जातो, कारण वाचनाची खरी पद्धतही तीच आहे. गोव्यात 1914 पासून मुलकी जन्मनोंदणी आहे आणि तेव्हाचा लिहिणारा ऐकलेलं नाव पोर्तुगीज वर्णमालेत उतरवायचा. ‘श’ आणि ‘ष’ दोघांनाही एक्स. ‘के’, ‘कि’ यांतल्या ‘क’ला क्यू आणि पुढे यू. दोन स्वरांमधला एकेरी एस ‘झ’सारखा वाचला जातो, म्हणून वासुदेवात दोन एस. आपला ‘अ’ त्यांच्या कानाला गोल वाटे, त्याचा बऱ्याचदा ओ : विठ्ठलचा विटोल, प्रभूचा पोरोबो. महाप्राण तर पडूनच जात. ‘भ’ आणि ‘ब’ एक, ‘ठ’ आणि ‘ट’ एक. वहीत ‘बिकू’ दिसला तर तो भिकू आहे हे वही सांगत नाही, घरचं माणूस सांगतं. केशव लिहिला जाई क्यू, यू, ई, एक्स, ओ, व्ही, ए. इंग्रजी शाळेतला पोरगा तो ‘क्वेक्सोवा’ वाचतो, त्यात त्या पोराचा काय दोष? दोष असलाच तर त्याला न विचारता छापायला लावणाऱ्याचा. मधल्या काळात मराठी शाळेच्या मास्तरांनी पटावर तेच नाव देवनागरीत लिहिलेलं असतं, त्यावरून पुढे कुणी इंग्रजीत, आणि इंग्रजीवरून यंत्र परत देवनागरीत. चार वेळा नदी ओलांडलेलं नाव शेवटी ओलंच निघायचं.

हस्ताक्षराचंही तुम्हीच शिकवलंत. अनोळखी शब्दावर आधी झटापट करायची नाही. त्याच पानावर महिन्याचं, गावाचं, छापील मजकुराला जोडून येणारं जे नक्की ठाऊक आहे ते शोधायचं आणि त्यातून त्या लेखनिकाचा अक्षरतक्ता करायचा : त्याचा ‘आर’ असा, ‘एस’ असा. तारखा अक्षरी असतात आणि फसगत तिथेच. ‘सेइश’ म्हणजे सहा, ‘सेत’ म्हणजे सात. ‘सेसेंता’ साठ, ‘सेतेंता’ सत्तर. जुन्यु आणि जुल्यु यांत एका काडीचा फरक, एन की एल. पहिली दिसणारी तारीख बहुधा नोंद केल्याची, जन्माची पुढे येते. ती न बघता पहिलीच उचलली की माणूस काही आठवड्यांनी लहान होतो. शाईने कागद खाल्ला असेल तर विजेरी समोरून नको, कडेने आडवी धरायची, लेखणीची चर दिसते. आणि वहीजवळ पेन न्यायचं नाही, पेन्सिलच.

आणखी एक. वाचनातली चूक सुधारणं वेगळं आणि नाव बदलणं वेगळं, हे तुम्ही प्रत्येक वेळी बजावता. नाव-आडनाव बदलायला गोव्याचा 1990चा कायदा आहे. पण चूक टंकणाऱ्याची असताना माणसाला त्या वाटेने धाडलं, तर स्वतःचंच नाव त्याला ‘नवं’ म्हणून मागावं लागतं. 

म्हणून तुम्ही जुन्याचे भक्त आहात असंही नाही. देवळांच्या सेवेत बांधल्या गेलेल्या घराण्यांतल्या लोकांनी गेल्या शतकात ठरवून स्वतःला नवी ओळख घेतली. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, गोमंतक मराठा समाज उभा राहिला, आणि त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर 1963मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले. त्या लोकांनी घेतलेली नावं खोटी आणि वहीतली खरी, असं म्हणायची कुणाची छाती आहे? दुसरीकडे 1961नंतरही कुणी ‘कामोतीं’, ‘केणीं’ अशी पोर्तुगीज धाटणीची वर्तनी हौसेने ठेवली. एकाच घरात एक भाऊ असा, एक तसा. तुम्ही दोघांनाही कधी नाक मुरडलं नाहीत. देवनागरी कोकणीला राजभाषा करणाऱ्या 1987च्या कायद्यावरून इथे अजून भांडणं पेटतात आणि देवनागरीत पाटी लावली की कोकणी-मराठी दोन्ही बाजूंचे लोक मोजायला येतात, हा आमच्या गटातला. तुम्ही ‘तुमका जाय तें बरय’, म्हणजे हवं ते लिही, म्हणून मोकळे.

समास दाखवलात ते मावशींना फार आवडलं. नोंदीत पुढे बदल झाला तर मूळ ओळ खोडत नाहीत, कडेच्या मोकळ्या जागेत तारीख आणि सहीसकट लिहितात. त्याचा शब्द आव्हेर्बामेंत. त्यांनी तीनदा म्हणून पाहिला, चौथ्यांदा सोडून दिला. वडिलांच्या रकान्याचं काय करायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं : जिथे चालेल तिथे आईचंच नाव लिहायचं. आम्ही अर्ज तसा लिहिला.

पेन्सिलीची चिठ्ठी त्यांना लॅमिनेट करून हवी होती, दिली करून. तेओर मात्र करू दिला नाही, शिक्का प्लास्टिकखाली गेला की काही ठिकाणी कागद परत करतात.

आता येत्या मंगळवारी या, भाऊ. बेतकी गावच्या एका नोंदीत ‘सेसेंता’ की ‘सेतेंता’ यावर आमच्यात दोन तट पडलेत, आणि ज्यांची नोंद आहे त्या आजोबांना दहा वर्षं इकडची तिकडे व्हायला नको आहेत. फूटपट्टी आणा, इथली कुणीतरी नेली.

तुमची,
फोंड्याची अर्ज लिहिणारी मंडळी