समुद्री मत्स्यालयाच्या (रीफ) टाकीतील दगडी कमान कोसळल्याबाबत गोंद कंपनीस तक्रार पत्र

ठाणे,
दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : समुद्री मत्स्यालयात दगड जोडण्याच्या संचावरील दिशाभूल करणाऱ्या सूचनांबाबत.

महोदय,

मी नौपाडा, ठाणे (पश्चिम) येथे राहतो. दि. १२ एप्रिल २०२५ रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून समुद्री टाकीत दगड जोडण्याचा संच २,१५० रुपयांना मागवला. त्यात जेल सुपरग्लूच्या २० ग्रॅमच्या दोन ट्यूब, हाताने मळून लावायच्या इपॉक्सी पुटीची एक कांडी आणि एक घडीचे माहितीपत्रक होते. वेष्टनावर 'लहान तुकड्यापासून मोठ्या कमानीपर्यंत एकच जेल' असे ठळक अक्षरांत छापले आहे. माहितीपत्रकातील तिसऱ्या चित्रात दोन उभ्या दगडांवर आडवा दगड केवळ जेलने बसवलेला दाखवला असून, पुटी 'सांधे झाकण्यासाठी' आहे एवढेच तिच्याविषयी म्हटले आहे. मी या सूचनांबरहुकूम कमान उभी केली आणि २ ऑगस्टच्या रात्री ती कोसळली.

माझी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने मी समुद्रातून काढलेला दगड घेत नाही; दुकानात मिळणारा सच्छिद्र कृत्रिम दगडच वापरतो. (आपल्या वेष्टनावर मात्र त्याच प्रवाळांचे रंगीत छायाचित्र आहे, याची नोंद घ्यावी.) कमानीचा आडवा दगड कोरडा असताना चार किलोंचा होता. असा दगड पाण्यात बुडाला आणि त्याची छिद्रे पाण्याने भरली की त्याचा भार सुमारे अडीच किलोंवर येतो, म्हणजे गोंदाला पेलायचे होते ते ओझे अवाजवी नव्हते. दगड ब्रशने घासून, आरओच्या पाण्याने धुऊन, दोन दिवस पंख्याखाली वाळवून मगच मी १९ एप्रिलला ते जोडले. आठवडाभर रचना कोरडी ठेवली, २७ एप्रिलला टाकीत खारे पाणी भरले आणि पाणी स्थिरावल्यावर जूनच्या मध्यास मासे सोडले.

कमान पडली तेव्हा आडवा दगड वेव्हमेकरवर (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपावर) आदळून त्या पंपाचे आवरण तडकले आणि समोरच्या काचेवर सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचा ओरखडा उठला. तळाशी वाळूखाली प्लास्टिकची जाळी अंथरलेली होती म्हणून तळाची काच बचावली. ती जाळी अंथरण्याची सूचनाही आपल्या माहितीपत्रकात नाही. क्लाउनफिशची जोडी सुखरूप आहे. गोबी मासा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दगड उचलल्यावर त्याखाली सापडला.

तुटलेला सांधा मी उजेडात धरून पाहिला. जेल दोन्ही दगडांना सर्वत्र टेकलेच नव्हते. खडबडीत पृष्ठभागाच्या तीन उंचवट्यांवर रुपयाच्या नाण्याएवढे तीन चकचकीत ठिपके तेवढे होते. त्यांपैकी सर्वांत जाड ठिपका मी नखाने उचकटला, तर तो वाळलेल्या खपलीसारखा एका तुकड्यात सुटून आला आणि मधोमध दाबल्यावर किंचित वाकला. साडेतीन महिन्यांनंतरही त्याचा गाभा पुरता घट्ट झालेला नव्हता.

याचे कारण आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. आपले जेल सायनोॲक्रिलेट वर्गातील आहे, म्हणजे घरोघरी ज्याला फेविक्विक म्हणतात त्याच जातीचे, फक्त दाट केलेले. हा गोंद पृष्ठभागावरील ओलाव्यामुळे घट्ट होतो, त्यामुळे दोन पृष्ठभाग जवळजवळ भिडलेले असतील आणि मधला थर पातळ असेल तेव्हाच त्याची पकड चांगली बसते. थर जाड झाला की बाहेरून कवच धरते आणि आतला भाग मागे राहतो. पुरता घट्ट झालेला थरसुद्धा कडक आणि ठिसूळ असतो. सरळ ताण तो बऱ्यापैकी सोसतो, पण हादरा किंवा एका कडेने उचकटणारा जोर सोसत नाही, आणि सतत पाण्यात राहून आणखी कमकुवत होत जातो. वेव्हमेकरच्या प्रवाहात आडवा दगड दिवसरात्र बारीक हादरे खात असतो. बोटाएवढा तुकडा दगडावर बसवायला हे जेल उत्तम आहे, मी स्वतः ते त्या कामासाठी आनंदाने वापरले आहे आणि पुढेही वापरीन. चार किलोंची आडवी शिळा त्याच्या एकट्याच्या भरवशावर टांगण्याचा सल्ला मात्र आपल्या छापील कागदाने दिलेला आहे.

खरे तर ज्या पुटीला आपण सांधे झाकण्यापुरती ठेवली आहे, ती या कामाला जास्त उपयोगी आहे. तीही नुसती दाबून चिकटत नाही. छिद्रांत शिरून तिथे घट्ट झाल्यावर ती दगडाला अडकवून धरते. म्हणून अनुभवी शौकीन आधी दोन्ही दगडांना जेल लावतात, मध्ये मळलेली पुटी ठेवतात आणि दाबून धरतात, म्हणजे जेल तात्पुरती पकड देते आणि पुटी पोकळी भरून काढते. वजनदार कमानीसाठी तर दगडांना ड्रिलच्या गवंडीकामाच्या बिटने भोके पाडून त्यांत ॲक्रिलिकची किंवा फायबरग्लासची सळी घालावी आणि भोवती पुटी किंवा सिमेंट भरावे, म्हणजे भार सळीवर जातो. लोखंडी सळी खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून ती चालत नाही. सिमेंट वापरल्यास रचना गोड्या पाण्यात मुरवून, पाणी बदलत राहून, सिमेंटमुळे वाढलेला पाण्याचा पीएच खाली येईपर्यंत थांबावे लागते. मी गेल्या आठवड्यात १० मिलिमीटरची ॲक्रिलिकची सळी आणि पुटी वापरून कमान पुन्हा बांधली आहे. आपल्या माहितीपत्रकात यातील एकही ओळ नाही, आणि मला ती टाकीला ओरखडा पडल्यानंतर शोधावी लागली.

आपल्या मदत केंद्राविषयीही लिहिणे भाग आहे. ४ ऑगस्टला फोनवर मला सांगण्यात आले की, 'गोंद कमी पडला असेल, पुढच्या वेळी दोन्ही ट्यूब एकाच सांध्याला लावा'. वर लिहिल्याप्रमाणे हा सल्ला नेमका उलटा आहे. नव्या सांध्याला पुटी लावल्यावर स्किमर (फेस करून पाण्यातील मळ वरच्या कपात काढणारे उपकरण) फेसाने भरून कपातून वाहू लागला, तेव्हा ६ ऑगस्टला मी पुन्हा फोन केला. ताज्या पुटीमुळे एकदोन दिवस असे होणे ही या छंदातील अगदी परिचित गोष्ट आहे, आणि झालेही तसेच. परंतु आपल्या प्रतिनिधींनी स्किमर बिघडल्याचे निदान करून नवा घेण्याचा सल्ला दिला. त्यानंतर ८ ऑगस्टला आलेल्या आपल्या ईमेलमध्ये 'उत्पादनाचा चुकीचा वापर' या कारणावरून माझी तक्रार बंद केल्याचे कळवले आहे. मी केलेला वापर आणि माहितीपत्रकातील तिसरे चित्र यांत काय फरक आहे, हे त्या ईमेलमध्ये लिहिलेले नाही.

तरी माझी विनंती अशी की, संचाची किंमत २,१५० रुपये आणि वेव्हमेकरच्या आवरणाचा खर्च १,८०० रुपये मला परत मिळावेत. काचेच्या ओरखड्याबद्दल मी काही मागत नाही. पैशांपेक्षा माझा आग्रह वेष्टनाबाबत अधिक आहे. 'मोठ्या कमानीपर्यंत' हे शब्द काढून टाकावेत, तिसरे चित्र बदलावे, आणि जेल किती वजनापर्यंत व किती जाडीच्या थरासाठी वापरावे हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावे. संकेतस्थळावरील वर्णन तर आपण आजच्या आज दुरुस्त करू शकता.

या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येत असल्याने ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खरेदीची पावती, माहितीपत्रकाची प्रत, तुटलेल्या सांध्याची चार छायाचित्रे आणि आपला ईमेल सोबत जोडला आहे. सुटून आलेला गोंदाचा तुकडा मी डबीत जपून ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञांना तो तपासायचा असल्यास आपल्या खर्चाने पाठवीन.

आपला,
(सही)
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)