नोटिशीच्या पहिल्या २८ दिवसांबद्दल, एका ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

लंडनच्या एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, एन्फोर्समेंट विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसानं शनिवारी सकाळी आमच्या सल्ल्याच्या टेबलावर पुन्हा लोकांच्या एन्फोर्समेंट नोटिशीच (परवानगीशिवाय केलेलं बांधकाम पाडा किंवा वापर थांबवा, असा कौन्सिलचा हुकूम) वाचत बसावं, ही काही रमणीय निवृत्ती नव्हे. तरी तुम्ही बसलात. नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे. आभार मानायचे नाहीत ही दुसरी अट मात्र मोडतो आहोत. पत्र जाहीर लिहिण्याचं कारण एवढंच की तुम्ही टेबलावर जे समजावून सांगत आलात, ते नोटीस हातात पडण्याआधी वाचलेलं बरं.

सगळ्यात आधी तुम्ही लोकांच्या डोक्यातून दोन गोष्टी काढून टाकता. पहिली, 'साहेबांना एकदा भेटून बघू' ही. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या नोटिशीविरुद्धचं अपील कौन्सिल ऐकतच नाही. ते ब्रिस्टलच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशा अपिलांवर निकाल देणाऱ्या सरकारी खात्याकडे जातं आणि निकाल तिथला इन्स्पेक्टर देतो. अपील दाखल झालं की कौन्सिल समोरची बाजू होते. त्यामुळे नगरसेवकाच्या ओळखीचा इथे शून्य उपयोग. दुसरी समजूत महाराष्ट्रातून सामानाबरोबर आलेली: 'दंड किती ते सांगा, भरून नियमित करून घेतो.' गुंठेवारीची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पचायला फार जड जातं. इथे प्रशमन शुल्क भरून बांधकाम पदरात पाडून घेण्याची सोय नाही. मागाहून परवानगी मागता येते, पण तिची फी ही नुसती अर्जाची फी. परवानगी मिळेलच असं नाही, आणि नाकारली तर फी परत मिळत नाही.

मग तुमची लाल पेन्सिल. नोटिशीत तीन गोष्टींभोवती तुम्ही गोल काढता: नोटीस काढल्याची तारीख, ती लागू होण्याची तारीख, आणि त्यानंतर काम पाडायला किंवा वापर थांबवायला दिलेली मुदत. लोकांची नजर थेट तिसऱ्यावर जाते. 'तीन महिने आहेत की' म्हणून ते निवांत होतात. खरी मुदत दुसऱ्या गोलात असते. नोटीस बजावल्यापासून ती लागू होईपर्यंत किमान २८ दिवस ठेवावे लागतात, आणि अपील त्या तारखेच्या आधी पोचलं पाहिजे. त्या दिवशी पोचलेलं अपील उशिरा आलेलंच धरतात. ही मुदत वाढवण्याचा अधिकार इन्स्पेक्टोरेटलाही नाही. आजारपण, भारतवारी, वकिलाची सुट्टी, काहीही चालत नाही.

मुदत हुकण्याचं नेहमीचं कारण आळस नाही, सौजन्य आहे, हे तुमचं निरीक्षण आम्ही विसरणार नाही. नोटीस आली की माणूस अधिकाऱ्याला नम्र ईमेल करतो. अधिकारीही नम्रपणे 'बघतो' म्हणतो. ईमेलांच्या या देवाणघेवाणीत महिना सरतो. बोलणी चालू असली तरी घड्याळ थांबत नाही. ते अपिलानंच थांबतं. अपील वेळेत गेलं की निकाल लागेपर्यंत नोटीस लागू होत नाही. न गेलं तर पुढे खटला भरला गेल्यावर 'हे बांधकाम परवानगीशिवाय चालणारंच होतं' हा बचावसुद्धा कोर्टात घेता येत नाही, कारण तो मुद्दा अपिलात मांडायचा होता. मग उरतो तो फक्त कौन्सिलचा स्वेच्छाधिकार: नोटीस मागे घेणं किंवा मुदत वाढवणं. नोटीस न पाळणं हा गुन्हा आहे आणि दंडाला कमाल मर्यादा नाही. बेकायदा फ्लॅट भाड्यानं दिलेला असेल तर गुन्ह्यातून मिळालेलं उत्पन्न म्हणून भाडंही जप्त होऊ शकतं.

भाड्यानं दिलेल्या घराची नोटीस भाडेकरूच्या पायपुसण्यावर पडून राहते आणि मालक पुण्यात गणपतीला. त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय फुकटातला आहे: लँड रजिस्ट्रीकडे (घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) मालकाचे तीन पत्ते नोंदवता येतात, त्यांपैकी एक ईमेलचा ठेवावा.

आता अपिलाची कारणं. कायद्यात ती सात आहेत, ए पासून जीपर्यंत, आणि तुम्ही त्यांना तहसील कचेरीच्या सात खिडक्या म्हणता. एका खिडकीचा कागद दुसरीवर चालत नाही. 'आमच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे, खोली लागतेच' हे ए च्या खिडकीवर थोडंफार ऐकून घेतील. डी च्या खिडकीवर त्याला काडीची किंमत नाही. फॉर्मवर सातही चौकोनांत खूण करून मोकळं होणं हा आपल्या लोकांचा आवडता उपाय. तो तुम्ही बंद पाडलात, कारण प्रत्येक कारणाखाली त्याची वस्तुस्थिती लिहावी लागते. अपिलासोबत ती दिली नसेल तर इन्स्पेक्टोरेट मागतं आणि १४ दिवस देतं. रिकामी खूण म्हणजे वाया गेलेले दिवस.

बी म्हणजे नोटिशीत म्हटलंय ते घडलंच नाही. हे क्वचित लागू पडतं. ई म्हणजे नोटीस नीट बजावली नाही. हे लागू पडलं तरी फारसा उपयोग नाही: तुम्ही वेळेत अपील केलंत, म्हणजे नोटीस पोचली आणि मोठं नुकसान झालं नाही, असं म्हणून इन्स्पेक्टर ते बाजूला ठेवू शकतो.

सी म्हणजे घडलं ते खरं, पण त्यात नियमभंग नाही. मागच्या बागेतल्या खोलीचं प्रकरण बहुधा इथे येतं. हद्दीपासून २ मीटरच्या आत बांधलेली खोली २.५ मीटरपेक्षा उंच नसेल तर, बाकीच्या अटी पाळून, तिला वेगळी परवानगी लागत नाही. उंची खोलीलगतच्या जमिनीच्या सर्वांत उंच भागापासून मोजतात. बाग उतरती असेल तर एवढ्यावर प्रकरण फिरतं. म्हणून टेप लावून चारही कोपऱ्यांचे, आकडा दिसेल असे फोटो तुम्ही मागता. उंची २.७ मीटर भरली तर वरचे २० सेंटिमीटर बेकायदा ठरत नाहीत, अख्खी खोली ठरते, हे ऐकल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. शिवाय वापर घराला पूरक हवा. व्यायामाचं सामान, अडगळ, छंदाची जागा चालते. बाथरूम, शेगडी, पलंग टाकून भारतातून आलेल्या आई-वडिलांना सहा महिने तिथेच ठेवलं, तर उंची बरोबर असूनही सी ची खिडकी बंद.

डी म्हणजे कौन्सिलला कारवाईला उशीर झाला: ठरलेली वर्षं उलटली की तिला ती करता येत नाही. इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, कारण नियम बदलला. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये सगळ्या प्रकारच्या नियमभंगांना १० वर्षांची मुदत आहे. त्याआधी बांधकामाला, आणि एखाद्या इमारतीचं स्वतंत्र राहतं घर करण्याला, ४ वर्षं होती. ज्यांचं बांधकाम त्या तारखेच्या आधी जवळपास पुरं झालं होतं, किंवा राहत्या घरात रूपांतर त्याआधी झालं होतं, त्यांना जुनी ४ वर्षंच लागू. 'चार वर्षं झाली की सुटलो' हे बोलणं अजून गल्लोगल्ली चालू आहे, बिल्डरच पसरवतात. अनेक भाडेकरूंना खोल्या देऊन चालवलेल्या घराला मात्र तेव्हाही १० वर्षंच होती.

पुराव्याचं ओझं अपील करणाऱ्यावर. कसोटी फौजदारी कोर्टाची नाही, शक्यता कोणत्या बाजूला जास्त झुकते एवढीच. तुमचं स्वतःचं निवेदन नेमकं, निःसंदिग्ध असेल आणि कौन्सिलकडे त्याला छेद देणारं काही नसेल, तर दुसऱ्या साक्षीदाराविनाही ते मानता येतं. गोची 'नेमकं' या शब्दात आहे. 'साधारण २०१३ च्या सुमारास' असं लिहिलं की अपील तिथेच लंगडं पडतं. तुमचा तक्ता आम्ही आता सगळ्यांना देतो: डाव्या रकान्यात महिने, पुढे त्या महिन्यात कोण राहत होतं, भाडेकरार, बँकेत आलेलं भाडं, गॅस सेफ्टी सर्टिफिकेट, वीजबिल. एकही महिना कोरा ठेवायचा नाही. खोली रिकामी असेल तर तसं लिहायचं, कारण मध्ये मोठा खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. कौन्सिल आपल्या बाजूनं हवाई छायाचित्रं, मतदारयादी आणि कौन्सिल टॅक्सची (इथल्या घरपट्टीची) नोंद काढते. टॅक्स वाचवायला 'ती खोली फक्त अडगळीची' असं ज्यांनी पूर्वी लेखी कळवलं, त्यांचंच पत्र आता त्यांच्या समोर येतं. एकाच खोलीत एका कागदावर माणूस राहतो आणि दुसऱ्यावर सायकली!

लपवून ठेवलेल्याला तर ही मुदतही वाचवत नाही. सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्यानं पेंढ्याच्या गाठींची भिंत रचून मागे टोलेजंग घर बांधलं, ४ वर्षं उलटू दिली आणि २००६ मध्ये गाठी हटवल्या. वर्षानुवर्षं अपील आणि कोर्ट झालं. २०१६ मध्ये घर पाडावंच लागलं.

ए म्हणजे परवानगी मिळायलाच हवी. शेजाऱ्याचा उजेड, खिडकीतून होणारं डोकावणं, रस्त्याचं रूप, कौन्सिलचा लोकल प्लॅन (तिच्या भागाचा विकास आराखडा), सगळी गुणावगुणांची चर्चा इथे. अपील फुकट आहे, पण ए घेतलं की त्या कामाच्या अर्जाच्या फीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते, आणि तीही इन्स्पेक्टोरेटला नाही, कौन्सिलला. ठरलेल्या मुदतीत ती गेली नाही तर ए गळतं. त्याहून मोठा खड्डा २०२४ पासूनचा आहे. त्याच कामासाठी आधी अर्ज केला, तो निकाली निघाला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत नोटीस आली, तर ए ची खिडकी उघडतच नाही. अशा वेळी अर्ज नाकारल्याच्या निर्णयाविरुद्ध वेगळं अपील हाच रस्ता. घराच्या किरकोळ कामांसाठी त्याची मुदत एरवी १२ आठवडे असते, पण त्याच कामावर एन्फोर्समेंट नोटीस निघाली की ती २८ दिवसांवर येऊ शकते. नकाराचं पत्र ड्रॉवरमध्ये टाकून नोटिशीची वाट बघत बसलेल्यांची दोन्ही दारं अशीच बंद होतात.

एफ म्हणजे सांगितलेले उपाय गरजेपेक्षा जास्त आहेत. 'सगळं पाडू नका, छप्पर उतरवतो' हे इथे. त्यासाठी आधी नोटिशीचा हेतू वाचायला तुम्ही शिकवलंत. हेतू शेजाऱ्यांचा त्रास कमी करणं असेल तर मधला मार्ग निघतो. नियमभंगच पुसून टाकणं असेल तर ए शिवाय एफ एकटं दुबळं पडतं. आणि उपाय मोजमापाचा आराखडा जोडून मांडायचा. 'थोडं कमी करू' याला इन्स्पेक्टर काय करणार?

जी म्हणजे दिलेली मुदत अपुरी. भाडेकरूला द्यायची कायदेशीर नोटीस, बिल्डरचं लेखी वेळापत्रक जोडावं, म्हणजे मागणीला आधार राहतो.

कौन्सिलच्या बाजूचं टेबल तुम्ही आतून पाहिलंय, म्हणून त्यांची घाईही तुम्ही दाखवलीत. अपील सुरू झाल्याच्या तारखेपासून दोन आठवड्यांत त्यांना प्रश्नावली भरून कागद पाठवावे लागतात, शेजाऱ्यांना कळवावं लागतं. लेखी पद्धतीत सहा आठवड्यांत दोन्ही बाजूंचं निवेदन, नऊ आठवड्यांत एकमेकांच्या निवेदनावर शेरे. ती प्रश्नावली आली की लोक बाजूला ठेवतात. तुम्ही तिच्यातला अधिकाऱ्याचा अहवाल आधी उघडता, कारण कारवाई करणं उचित का वाटलं ते त्यात लिहिलेलं असतं. नोटिशीत चूक सापडली म्हणून पेढे वाटू नका, हेही तुमचंच. कुणावर अन्याय होत नसेल तर इन्स्पेक्टर चूक दुरुस्त करून नोटीस कायम ठेवतो. कौन्सिलनं स्वतः नोटीस मागे घेतली तरी चार वर्षांच्या आत सुधारलेली नवी काढता येते.

आणि सगळ्याच कागदांवर हे अपील नसतं. टेम्पररी स्टॉप नोटीस ५६ दिवस काम बंद पाडते. ब्रीच ऑफ कंडिशन नोटीस परवानगीची अट मोडल्याबद्दल येते. दोन्हींवर अपील नाही. बाग किंवा घर गचाळ ठेवल्याबद्दल सेक्शन २१५ ची नोटीस आली तर अपील मॅजिस्ट्रेट कोर्टात. पाकिटावरचा कौन्सिलचा शिक्का सगळ्यांवर सारखाच असतो, म्हणून शीर्षक वाचल्याशिवाय तुम्ही पेन्सिल उचलत नाही.

तुमच्या तक्त्याच्या कोऱ्या प्रती संपत आल्या होत्या, नव्या काढल्या आहेत. लाल पेन्सिलींचा डबाही भरून ठेवला आहे.

कृतज्ञ,
शनिवारच्या टेबलावरचे सगळे

ता. क. इन्स्पेक्टर जागा बघायला येतात त्या दिवशी काय करायचं, हे लोक अजून विचारतात, म्हणून तुमचं उत्तर इथेच लिहितो. मागचं दार आणि बाजूचं फाटक उघडं ठेवा. मोजायच्या जागेवरच्या कुंड्या आणि सामान हलवा. काही दाखवायचं असेल तर बोट दाखवा. बाजू मांडू नका, त्या दिवशी ती ऐकली जात नाही. चहा विचारलात तर ते बहुधा नको म्हणतील. त्यांनी चहा घेतला नाही म्हणून निकाल विरुद्ध जाणार, असं समजून रात्रभर जागू नका.