वायरलेस प्रिंटर वारंवार ‘ऑफलाइन’ दाखवतो: तक्रार न सोडवता बंद केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : वॉरंटीतील मल्टिफंक्शन वायरलेस प्रिंटर घरच्या संगणकावर ‘ऑफलाइन’ दाखवणे आणि ‘ग्राहकाच्या राउटरचा दोष’ असा शेरा मारून तक्रार बंद करणे.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीच्या प्रिंटरबद्दल हेल्पलाइनवर तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे संगणकावरचे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका. तिसऱ्या वेळी वरील शेरा मारून तक्रार बंद झाली. शेरा मारण्यापूर्वी राउटरची एकही सेटिंग कोणी विचारली नाही. म्हणून ही तक्रार लेखी देत आहे. बिलाची प्रत, तिन्ही तक्रारींचे क्रमांक आणि प्रिंटरने छापलेली नेटवर्क माहितीची दोन पाने सोबत जोडली आहेत.

आधी जे बिघडलेले नाही ते सांगतो, म्हणजे पुन्हा त्याच प्रश्नांत वेळ जाणार नाही. यूएसबी केबल लावली की प्रिंटर दर वेळी, लगेच आणि स्वच्छ छापतो. त्यामुळे शाई, हेड आणि कागद ओढणारे रोलर यांचा इथे संबंध नाही. तरीही पहिल्या फोनवर नोझल चेक आणि हेड अलाइनमेंट करायला लावली. जोडणीच्या तक्रारीवर शाई कशासाठी खर्च करायची, ते कळले नाही. सिग्नल उत्तम आहे, प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर आहे, ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद केलेले आहे. राउटरवर एपी आयसोलेशन (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) बंद आहे, प्रिंटर आणि संगणक दोघेही मुख्य नेटवर्कवर आहेत, गेस्ट नेटवर्कवर कोणीही नाही, आणि संगणकावर व्हीपीएन नाही. प्रत्येक चाचणीआधी प्रिंट स्पूलर सर्व्हिस (छपाईची कामे रांगेत ठेवणारा विंडोजचा भाग) थांबवून, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरातील ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर रिकामे करून सर्व्हिस पुन्हा सुरू केली, म्हणजे अडकलेल्या जुन्या कामामुळे निष्कर्ष चुकायला नको.

आता मुद्दा. संगणक ‘ऑफलाइन’ हा एकच शब्द दाखवतो, पण त्याच्यामागे दोन वेगळे दोष आहेत. दोन्ही आपल्याकडचे आहेत, आणि आपली हेल्पलाइन दोन्हींवर एकच औषध देते.

पहिल्या प्रकारात प्रिंटर नेटवर्कवर जागा असतो. संगणकावर ‘ऑफलाइन’ दिसत असतानाच प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर (१९२.१६८.१.३७) पिंग केले, म्हणजे ‘आहेस का?’ असे संदेश पाठवले, तर चारही पॅकेटना उत्तर येते. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचे स्वतःचे पान उघडते, शाईची पातळीसुद्धा दिसते. म्हणजे वायरलेस जोडणी ठीक आहे, विंडोजला मात्र प्रिंटर सापडत नाही. कारण प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये आहे : आपल्या सेटअप प्रोग्रामने डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर नेटवर्कवर आपोआप शोधणारी विंडोजची जोडणी) बनवला आहे. या पद्धतीत संगणक प्रिंटरला शोधण्यासाठी यूडीपी ३७०२ या पोर्टवर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना उद्देशून) हाक मारतो. वायरलेसवर अशा मल्टिकास्ट संदेशांची पोच मिळत नाही. हरवला तर हरवला, वाय-फाय तो पुन्हा पाठवत नाही. प्रिंटर झोपेत असताना हाक चुकली की पत्ता बरोबर असूनही विंडोज त्याला गैरहजर ठरवते.

याचा उपाय पाच मिनिटांचा आहे आणि तो मी केला. ‘अ‍ॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडला, पत्ता हाताने लिहिला, प्रोटोकॉल ‘रॉ’ आणि पोर्ट क्रमांक ९१०० ठेवला. मग ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढली. ही खूण तशीच राहिली, तर प्रिंटरने एसएनएमपीला (स्थिती विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर दिले नाही म्हणून विंडोज चालत्या प्रिंटरलाही ‘ऑफलाइन’ म्हणते, हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत असायला हवे. पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर (हार्डवेअरच्या ओळख क्रमांकावर) तो राखून ठेवला. त्यानंतर या प्रकारचे ‘ऑफलाइन’ एकदाही आले नाही. स्कॅनिंगचा प्रश्न मात्र उरला, कारण आपले स्कॅन सॉफ्टवेअर पत्ता हाताने लिहूच देत नाही, ते स्वतः शोधते आणि पुष्कळदा सापडला नाही म्हणून सांगते.

ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर काही काळ सगळे सुरळीत का होते, तेही यातूनच कळते. इन्स्टॉलर नव्याने शोध घेतो, नवा डब्ल्यूएसडी पोर्ट बनवतो आणि प्रिंटर सापडतो. पुढची हाक चुकेपर्यंत तो ‘दुरुस्त’ असतो. शिवाय जुनी नोंद जात नाही. आज यादीत हाच प्रिंटर तीन वेळा आहे : एक मूळ, एक ‘कॉपी १’, एक ‘कॉपी २’. डीफॉल्ट अजून मूळ नोंदच, त्यामुळे कामे मेलेल्या पोर्टवर जाऊन रांगेत साचत होती. ड्रायव्हर खरोखर काढायचा तर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’च्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमधून ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज दोन्ही काढावे लागतात. हेल्पलाइनने फक्त ‘रिमूव्ह डिव्हाइस’ दाबायला सांगितले होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे, आणि त्यावर ग्राहकाच्या हातात जवळजवळ काहीच नाही. वीज जाऊन आली किंवा राउटर रीस्टार्ट झाला की प्रिंटर पुन्हा वाय-फायला जोडला जातो. निळा दिवा न लुकलुकता स्थिर पेटतो. पण आता पिंगला ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे उत्तर येते. अशा वेळी पॅनेलवरून नेटवर्क माहितीचे पान छापले. सोबतच्या दुसऱ्या पानावर ते आहे : ‘स्टेटस : कनेक्टेड’, आणि त्याच्या तीन ओळी खाली पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता राउटर देत नाही. डीएचसीपीकडून (राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर मिळाले नाही की उपकरण तो स्वतःच घेते. राउटरचा वाय-फाय आधी सुरू होतो, डीएचसीपी थोडे मागून. आपला प्रिंटर त्या मधल्या काळात पत्ता मागतो, मिळत नाही, स्वतःचा तात्पुरता पत्ता घेतो आणि नंतर पुन्हा मागतच नाही. राउटर सुरू केल्यावर चाळीस मिनिटांनी छापलेल्या पानावरही पत्ता तोच होता. विंडोज संगणक अशा अवस्थेत दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो. राउटर तोच, वेळ तीच, आणि घरातल्या इतर सर्व उपकरणांना पत्ता मिळाला. मग दोष राउटरचा कसा?

प्रिंटर बंद करून सुरू केला की पत्ता येतो. राउटरमध्ये राखून ठेवलेल्या पत्त्याचा इथे उपयोग नाही, कारण प्रिंटर मागणारच नसेल तर राउटर देणार कसा? सध्या प्रिंटरच्या पॅनेलवरून पत्ता हाताने भरून काम भागवले आहे : डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा १९२.१६८.१.२००, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. संगणकावरचा पोर्टही त्याप्रमाणे बदलला. हे चालते. पण हे मला जमले म्हणून फर्मवेअरमधील (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमधील) दोष संपत नाही, आणि प्रत्येक ग्राहकाने गेटवे म्हणजे काय ते शिकावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

एक छोटी गोष्ट, पण ती आपल्या हेल्पलाइनवरचे बरेच फोन कमी करील. राउटर ‘डब्ल्यूपीए३’वर (वाय-फाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर) असेल तर आपला सेटअप प्रोग्राम ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे सांगतो. पासवर्ड बरोबरच असतो. प्रिंटरला डब्ल्यूपीए३ येत नाही, इतकेच. राउटर ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल, एईएस’वर नेला की तोच पासवर्ड पहिल्याच वेळी चालतो. खोट्या संदेशामुळे माणूस पासवर्ड दहा वेळा टाइप करत बसतो. खोक्यावर ‘वाय-फाय’ एवढेच छापले आहे, ‘फक्त २.४ गिगाहर्ट्झ’ आणि ‘डब्ल्यूपीए२’ ही माहिती पुस्तिकेतही शोधावी लागते.

आणखी एका गोष्टीवर माझा ठाम आक्षेप आहे. दुसऱ्या फोनच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने रिमोटने संगणक ताब्यात घेऊन विंडोज फायरवॉल पूर्ण बंद केली आणि तशीच सोडून दिली. काम झाले नाही, आणि संगणक मात्र उघडा राहिला. नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करणे पुरते, फायरवॉलला हात लावायची गरज नाही. इथे प्रोफाइल आधीपासून ‘प्रायव्हेट’च होते, ते त्यांनी पाहिलेही नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी आणि राउटरच्या दोषाचा शेरा काढावा. डीएचसीपीची मागणी ठरावीक अंतराने पुन्हा करणारे फर्मवेअर द्यावे, आणि खरा पत्ता मिळाल्याशिवाय दिवा स्थिर होऊ नये. असे फर्मवेअर तयार नसेल तर या पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत वॉरंटीखाली प्रिंटर बदलून द्यावा. मात्र तोच फर्मवेअर असलेला तोच मॉडेल पाठवू नये, त्याने काही साधणार नाही. सेटअप प्रोग्राममध्ये आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय आणि स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये पत्ता लिहिण्याची जागा कधी मिळेल, तेही लेखी कळवावे.

उत्तर फोनवर नको, ईमेलवर द्यावे. तंत्रज्ञाला चाचणी करायची असेल तर पद्धत सोपी आहे : प्रिंटर चालू ठेवून फक्त राउटर बंद करावा, दोन मिनिटांनी सुरू करावा, दहा मिनिटे थांबून नेटवर्क माहितीचे पान छापावे. पत्त्याची ओळ वाचली की पुरे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, तक्रार क्रमांक (३), नेटवर्क माहितीची पाने (२)