कौशल्य प्रयोगशाळा मोजायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजे रुग्णाऐवजी पुतळ्यांवर आणि यंत्रांवर हात बसवण्याच्या जागा, बंधनकारक झाल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यांची तपासणी बहुधा क्षेत्रफळ, पुतळ्यांची संख्या आणि खरेदीची कागदपत्रे यांपाशीच थांबते. परीक्षक म्हणून गेलो असताना एका महाविद्यालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सिम्युलेटर (सरावाचे यंत्र) मला प्लॅस्टिकच्या आवरणात दिसला. तोही खिडकीतून, कारण खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावरचे छिद्र टेकूसारखे काम करते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की उपकरणाचे आतले टोक डावीकडे जाते, आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाजही लागत नाही. हाताला याची सवय होईपर्यंत चुका होणारच. त्या रबराच्या तुकड्यावर व्हाव्यात की रुग्णाच्या पित्तनलिकेवर, एवढेच आपल्याला ठरवायचे असते. येल विद्यापीठातील २००२ च्या अभ्यासात सिम्युलेटरवर ठरावीक प्रावीण्य गाठेपर्यंत सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या चुका इतरांच्या सुमारे एकषष्ठांश होत्या. अभ्यास अवघ्या १६ जणांचा होता हे खरे, पण त्यात ‘प्रावीण्य गाठेपर्यंत’ ही अट होती, नुसती हजेरी नव्हती.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने २००५ मध्ये अशा केंद्रांसाठी मानांकन सुरू केले. त्यात जागा आणि साधने पाहिली जातातच, पण अभ्यासक्रम, शिकवणारे आणि शिकणाऱ्यांचे मूल्यमापन यांचीही छाननी होते. शिवाय तेथे शल्यचिकित्सेच्या बोर्ड प्रमाणपत्रासाठी लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या, मूलभूत कौशल्यांची परीक्षा आवश्यक आहे. वस्तू एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेणे, आखलेले वर्तुळ कापणे, आतल्या आत गाठ मारणे अशी कामे तीत वेळ आणि अचूकता पाहून तपासली जातात.

आपल्याकडे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शल्यचिकित्सा विभागांपुरते तरी असे मानांकन सुरू करावे. तपासणीच्या दिवशी दोन-तीन निवासी डॉक्टरांना ऐनवेळी बोलावून सरावाच्या पेटीत गाठ मारायला सांगितले, तर नोंदवह्यांचे गठ्ठे चाळण्याची गरज उरणार नाही. महागड्या यंत्राला मात्र जादा गुण नकोत. पुठ्ठ्याचे खोके आणि मोबाइलचा कॅमेरा यांवरही या गाठीचा सराव होतो, आणि केवळ पैसा नाही म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय मागे पडणे योग्य नाही.

सरावाचे तास ड्युटीच्या वेळापत्रकातच दाखवावेत, ही मानांकनाची पहिली अट असावी. रात्रपाळी करून आलेल्या निवासी डॉक्टरला ‘सवड मिळाली की प्रयोगशाळेत जा’ असे सांगून ती सवड कधी मिळत नाही, हे प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक आहे.

आपला,
शल्यचिकित्सेचा एक निवृत्त प्राध्यापक, नाशिक