मेल कुठे राहतो, ते आधी बघा

संपादक महोदय,

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण भागात वीज गेली की राउटर बंद, आणि राउटरबरोबर मेलही. मग देवस्थान समिती, वाचनालय, सहकारी सोसायटी अशा लहान कार्यालयांत जुना वाद पुन्हा निघतो: मेल ब्राउझरमध्येच बघावा, की थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा मेलचा प्रोग्राम संगणकावर बसवावा? माझ्या मते खिडकी कुठलीही चालेल. मूळ मेल कुणाच्या ताब्यात राहतो, हे न बघता प्रोग्राम बसवला की घोळ होतो.

स्वतःच्या डोमेनवर (संस्थेच्या नावाच्या वेबपत्त्यावर) होस्टिंगवाल्याकडून मेल घेतलेल्या संस्थांनी आधी आपली जोडणी 'पॉप' आहे का ते तपासावे. पॉप ही पद्धत सर्व्हरवरचा, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरचा, मेल आपल्या संगणकावर उतरवून घेते. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' या ओळीवर खूण नसेल तर सर्व्हरवरची प्रत तिथल्या तिथे पुसली जाते. खूण असली तरी खाली १४ दिवसांची मुदत बहुधा आधीच घातलेली असते. ती उलटली की तोच मेल फोनवर शोधून सापडत नाही. पाठवलेल्या मेलची गत आणखी वाईट, कारण पॉपमध्ये त्याची प्रत फक्त त्या एका संगणकावर राहते. समिती बदलली, खजिनदार आपला लॅपटॉप घरी घेऊन गेला, की मामलेदार कार्यालयाला धाडलेली सगळी पत्रे त्याच्याबरोबर गेली.

म्हणून जोडणी 'आयमॅप' घ्यावी: सेटिंगमध्ये येणाऱ्या मेलला पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९९३, जाणाऱ्याला ४६५ किंवा ५८७. मूळ मेल सर्व्हरवर राहतो, संगणकावर त्याची प्रत येते, आणि वीज-नेट नसताना लॅपटॉपवर जुना पत्रव्यवहार वाचता येतो. उत्तर लिहून आउटबॉक्समध्ये ठेवले तर नेट आल्यावर पाठवता येते. मात्र आयमॅपला बॅकअप समजू नये. फोनवर चुकून पुसलेला मेल संगणकावरूनही जातो, आणि जीमेलची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. दर एप्रिलमध्ये थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये सरत्या आर्थिक वर्षाचे फोल्डर करून तिथे मेल कॉपी करावेत. 'मूव्ह' नव्हे, 'कॉपी'. मग प्रोग्राम बंद करून अख्खे प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपले मेल ठेवतो ते) बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तो घेत नाही, आणि थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत कोंबतो. 'फाइल टू लार्ज' असे आले की पेनड्राइव्ह बिघडला असे समजून लोक तो टाकून देतात. त्यातले आधी दुसरीकडे उतरवून तो एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केला की काम होते.

पुसलेले मेलही त्या फाइलीतून लगेच जात नाहीत. फोल्डरवर उजवी क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' म्हणावे लागते. बाहेर गडगडाट चालू असताना आणि यूपीएस नसताना ते करू नये. मध्येच वीज गेली तर फोल्डर बिघडू शकतो.

थंडरबर्डला जीमेल जोडताना दोन अडचणी ठरलेल्या. नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही. 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'ओऑथ-२' (गूगलच्या पानावरून साइन इन करण्याची पद्धत) निवडावे लागते, तेही येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही सर्व्हरसाठी. एकीकडेच बदल केला की मेल येतो पण जात नाही. दुसरी अडचण जागेची. जीमेलचा 'ऑल मेल' (सगळे मेल एकत्र दाखवणारा विभाग) वेगळा फोल्डर म्हणून उतरतो आणि तेच मेल डिस्कवर दोनदा साठतात. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'लेबल्स'खाली 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप' ही खूण काढली की झाले.

विंडोजमधले जुने 'मेल' ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाले आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आले. ते दिसते डेस्कटॉपवर, पण दुसरीकडचे आयमॅप खाते जोडले की मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्गे फिरतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी ते घेऊ नये, एवढेच.

घरी एकट्याने वापरायचे असेल तर ब्राउझर पुरे. जीमेलमध्येही 'ऑफलाइन' चालू करता येते. ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल संगणकावर राहतात. फुकटच्या १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात, हे मात्र विसरू नये. चतुर्थीचे व्हिडिओ भरले की मेल येणेच थांबते. झेरॉक्सच्या दुकानात खाते उघडे राहिले असेल तर घरच्या संगणकावर इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' असते. तिथून बाकी सगळीकडून साइन आउट होता येते.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. मेलमधून जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असेल तर १८ एमबीच्या वरचे स्कॅन परत येऊ शकते. जमिनीचा १-१४ चा उतारा काळ्या-पांढऱ्यात २०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनच्या बारकाव्याचे माप) स्कॅन केला तरी नीट वाचता येतो.

संस्थेच्या खात्याचा रिकव्हरी मोबाइल नंबर बहुतेक ठिकाणी आधीच्या सचिवाचाच असतो. कारभार हाती घेताना चाव्या आणि पासबुकाबरोबर तो नंबरही त्याच दिवशी, जुना सचिव समोर असतानाच बदलून घ्यावा. ओटीपी त्याच्याच फोनवर येणार.

– संगणक देखभालीचे काम करणारा एक वाचक, डिचोली